खऱ्या लग्नाचा पुरावा

माझ्या मामाइतका जागचा न हलणारा माणूस उभ्या मध्य प्रदेशात दुसरा सापडणार नाही, आणि चुकून सापडलाच तर तोही मामाला बघून 'हे जरा जास्तच होतंय' म्हणेल. भोपाळच्या बाहेर जग आहे हे मामाला मान्य होतं. पण ते त्याच्या जागी आहे, आपण आपल्या जागी आहोत, उगाच जाऊन त्याला त्रास कशाला द्यायचा, असं त्याचं म्हणणं. एकदा एका लग्नासाठी तो इटारसीला गेला होता. ती हकीकत तो पुढे कित्येक वर्षं एखाद्या समुद्रसफरीसारखी सांगत असे, आणि दर वेळी तिच्यात एखादं नवं वादळ यायचं. आजोबा तरुणपणी साताऱ्याहून इथल्या मोठ्या कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. 'घराण्याच्या वाट्याचा सगळा प्रवास वडिलांनी एकट्याने संपवला,' असं मामा म्हणायचा, 'माझ्यासाठी काही शिल्लकच ठेवला नाही.' पासपोर्ट म्हणजे घर आवडत नसलेल्या लोकांनी काढायची वस्तू, असा त्याचा समज होता. आणि अशा माणसाने लग्न केलं ते थेट सातासमुद्रापलीकडच्या बाईशी. त्यावरही त्याच्याकडे उत्तर होतं. 'मी गेलो होतो का कुठे? ती आली. मी जागचा हललो नाही.'

मामाचा गोविंदपुऱ्यात एक छोटा कारखाना होता. पंपांना आणि बॉयलरना लागणारे रबरी वॉशर तिथे तयार होत. चार कामगार, दोन यंत्रं आणि रबराचा असा वास, की मामा दिवाळीला आमच्याकडे आला तर फराळालाही तो लागायचा. 'आपल्या देशातली निम्मी गळती माझ्यामुळे थांबलेली आहे,' असं तो गंभीरपणे सांगे, आणि उरलेल्या निम्म्या गळतीकडे असं बघे की जणू ती त्याला न विचारता सुरू झाली आहे. कोणाच्याही घरी गेला की आधी मोरीत शिरून नळ बघायचा, मग माणसांकडे वळायचा. नवीन पाहुण्यांकडे हे जरा विचित्र दिसे. माझ्या लग्नाची बोलणी करायला गेलो तेव्हा मुलीच्या वडिलांनी 'या, बसा' म्हणायच्या आत मामा त्यांच्या स्वयंपाकघरात बेसिनखाली आडवा झालेला होता. लग्न जमलं ते त्यामुळेच, असा त्याचा दावा आहे. माझ्या सासऱ्यांनी तो कधी खोडून काढला नाही.

त्याची दुसरी खोड म्हणजे सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं नाही. 'मामा, जेवलास का?' असं विचारलं तर 'का, तुझ्या आईने काय केलंय?' हे उत्तर. 'बरा आहेस ना?' म्हटलं तर 'कोणी काही बोललं का?' हबीबगंज स्टेशनचं नाव बदललं तेव्हा त्याने ते जुनंच चालू ठेवलं. एकदा रिक्षावाला म्हणाला, 'अंकल, रानी कमलापति बोलो.' मामा म्हणाला, 'तू जहां का बोल रहा है वहां मुझे जाना नहीं. मुझे हबीबगंज जाना है.' रिक्षावालाही भोपाळचाच. त्याने मामाला बसवलं, स्टेशनासमोर उतरवलं आणि म्हणाला, 'लो, दोनों आ गए.' मामाला तो मुलगा इतका आवडला की पुढे वर्षभर तो त्याचीच रिक्षा शोधत असे. शिवाय कोणी रस्ता विचारला तर मामा तो सांगणारच, माहीत असो वा नसो. मी एकदा त्याला यावरून टोकलं. तो म्हणाला, 'अरे, नाही सांगितला तर बिचाऱ्याला वाटतं या शहरात आपलं कोणी नाही. चुकीचा सांगितला तर निदान थोडा वेळ तरी त्याला धीर येतो.'

या धीर देण्यातूनच आम्हाला मामी मिळाली. मामी मूळची एका थंड, समुद्रकाठच्या देशातली. त्या देशाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मामाचं म्हणणं, त्यांच्या व्हिसाच्या खात्यात मराठी वाचणारा कोणीतरी असणारच. तर ही बाई भीमबेटकाच्या गुहांमधली हजारो वर्षांपूर्वीची चित्रं कागदावर उतरवून घ्यायला आली होती. मामा सांगे, की तो एका गिऱ्हाइकाला गुहा दाखवायला गेला असताना ही दगडावर बसून रानरेडा काढत होती, आणि त्याने मागून जाऊन 'मॅडम, याचा पाय चुकलाय' असं तिला सुनावलं. तिथे ओळख झाली. मामी सांगे, की हे सगळं झूठ आहे. ओळख झाली ओबेदुल्लागंजच्या बसथांब्यावर. तिने गुहांकडे जाणारी बस विचारली आणि या माणसाने मोठ्या विश्वासाने तिला उलट्या दिशेच्या बसमध्ये बसवलं. मग त्याला स्वतःलाच शंका आली, म्हणून तोही धावत येऊन चढला, आणि दोघं भलत्याच गावी उतरली. यातलं खरं काय, यावर त्या दोघांचं वीस-बावीस वर्षं भांडण चालू होतं. आमच्या घरी कोणी नवा पाहुणा आला की आई हळूच सांगे, 'काहीही विचारा, पण यांची ओळख कशी झाली तेवढं विचारू नका. आपल्याला स्वयंपाक आटपायचाय.'

भांडायला त्यांना तेवढाच विषय होता असं नाही. मामीला खिडकी उघडी लागायची, मामाला बंद. साकेतनगरातल्या त्यांच्या घराची पुढची खिडकी दिवसातून इतक्या वेळा उघडझाप करायची की समोरचे शर्माजी तिला 'इनकी घड़ी' म्हणत. मामी मराठी शिकली माझ्या आजीकडून आणि हिंदी शिकली भाजीवाल्याकडून, त्यामुळे तिला राग आला की 'अहो, तू चूप बैस ना यार' असं एक वाक्य तयार व्हायचं, ज्यात आदर, सलगी आणि भोपाळ तिन्ही असत. मामा तिला नावाने कधी हाक मारत नसे. समोर असली तर 'बाईसाहेब', आणि मागे 'आमचं परराष्ट्र खातं'. तिला इथे राहायची मुदत अधूनमधून वाढवून घ्यावी लागे. पोलिसांच्या कचेरीत जाताना मामा बरोबर असायचाच. तिथला बाबू विचारायचा, 'मॅडम यहीं रह रही हैं ना?' आणि मामा म्हणायचा, 'आप ले जाना चाहते हैं क्या?' मामी त्याचा हात दाबायची, बाबू हसायचा आणि शिक्का मारायचा. मूलबाळ झालं नाही त्यांना. त्याबद्दल दोघंही कधी बोलली नाहीत. ती एकच गोष्ट असावी, जिच्यावर त्यांचं भांडण झालं नाही.

असं सगळं नीट चाललं असताना मामीची आई तिकडे पडली. म्हातारी एकटी, मामी तिची एकुलती एक मुलगी. हाड सांधलं, पण त्यानंतर म्हातारीची आठवण विरत चालली. शेजारीण मदतीला आली की ती तिलाच 'माझ्या स्वयंपाकघरात ही कोण बाई उभी आहे' म्हणून विचारू लागली. मामीने ठरवलं, आपण गेलं पाहिजे, आणि ते दोन-चार महिन्यांचं काम नाही. मामा म्हणाला, 'जा. जायलाच पाहिजे. मी आहे इथे.' शर्माजी सांगतात, त्या दिवशी ती खिडकी एकदाही उघडली नाही की मिटली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आमच्याकडे बरखेड्याला आला, नळाकडे न बघता सरळ ओट्याशी गेला आणि माझ्या आईला म्हणाला, 'ताई, पासपोर्ट कुठे मिळतो गं?' विष कुठे मिळतं असं विचारल्यासारखा आईचा चेहरा झाला. पोह्यांत लिंबू पिळता पिळता तिचा हात थांबला. मग ती एवढंच म्हणाली, 'बैस. आधी खाऊन घे.'

आम्हाला वाटलं होतं, नवरा-बायको आहेत, लग्नाचं प्रमाणपत्र आहे, पासपोर्ट काढला की झालं. पण त्या देशाचा नियम असा, की त्यांचा नागरिक परदेशात राहून कोणाशीही लग्न करू शकतो, तो त्याचा हक्क आहे; मात्र त्या जोडीदाराला घेऊन घरी परतायचं असेल, तर ते लग्न खरं आहे हे खात्याला पटलं पाहिजे. प्रमाणपत्राने फक्त लग्न झालं एवढंच कळतं. ते चालू आहे हे कशावरून? त्यासाठी एकत्र काढलेले फोटो, एकमेकांना लिहिलेली पत्रं, ओळखीच्या लोकांची निवेदनं, आणि शेवटी दोघांच्या वेगवेगळ्या मुलाखती. शिवाय जोडीदाराने तिकडच्या भाषेची प्राथमिक परीक्षा द्यायची. हे सगळं मी वाचून दाखवत होतो आणि मामा माझ्याकडे असा बघत होता, की हे नियम मीच केलेत.

फोटोंपासून पंचाईत सुरू झाली. मामाला फोटोचा तिटकारा. सगळं घर धुंडाळून तीन निघाले. एकात मामी होती आणि मामाचं फक्त कोपर होतं. दुसऱ्यात दोघं होती, पण मामाने पाठ केलेली, कारण मागच्या भिंतीवरचा पाइप गळत होता. तिसरा फोटो खरं तर स्कूटरचा होता. नवी घेतली तेव्हाचा. पत्रांचं विचारलं तर मामा उसळला. 'एका घरात राहून एकमेकांना पत्रं लिहायला आम्ही काय सरकारी खाती आहोत?' मुद्दा बिनतोड होता. पण तो खात्याला कोण सांगणार? जी माणसं वर्षातून दोनदा भेटतात, त्यांच्याकडे प्रेमाचा पुरावा ढिगाने असतो. जी एका दिवसासाठीही कधी लांब गेली नाहीत, त्यांच्याकडे दाखवायला स्कूटर.

राहिली निवेदनं. शर्माजींनी शुद्ध हिंदीत लिहून दिलं, की मी या दांपत्याचा शेजारी आहे, दोघांमध्ये प्रतिदिन वाद होतो, त्यावरून विवाह वास्तविक असल्याबद्दल मला कोणतीही शंका नाही. चार इमली या अधिकाऱ्यांच्या वसाहतीत आजोबांच्या ओळखीचे एक निवृत्त अधिकारी राहत. त्यांच्या सहीला वजन असेल म्हणून मामाला घेऊन मी त्यांच्या बंगल्यावर गेलो. साहेब मराठीच, ग्वाल्हेरकडचे. त्यांनी जन्मभर फायलीवरच्या नोटिंगच्या पलीकडे काही लिहिलेलं नव्हतं. 'या दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे असं लिहू का?' त्यांनी विचारलं. मामा म्हणाला, 'तुम्ही पाहिलंय का?' साहेब विचारात पडले. 'प्रत्यक्ष नाही पाहिलं.' 'मग कसं लिहिणार?' मी मामाच्या पायावर पाय दिला. अखेर साहेबांनी लिहिलं, की सदर दांपत्य माझ्या माहितीप्रमाणे दीर्घकाळ एकत्र असून, विभक्त होण्याचा प्रस्ताव विचाराधीन असल्याचे ऐकिवात नाही. मामाला ते फार आवडलं. तो दोन दिवस ते वाक्य पाठ म्हणून दाखवत होता.

मुलाखत दिल्लीला, वकिलातीत होती. दोघांना एकाच वेळी वेगवेगळ्या खोल्यांत नेलं आणि मी बाहेर बसलो. मामा बाहेर आला तो खुशीत होता. 'चांगला माणूस होता,' म्हणाला, 'त्यांच्या तिथल्या पाण्याच्या पिंपाचा नळ ठिबकत होता, तोही सांगितला त्याला.' मामी बाहेर आली ती पांढरीफटक. तिने विचारलं, 'आपण पहिल्यांदा कुठे भेटलो म्हणून सांगितलंस तू?' मामा म्हणाला, 'कुठे म्हणजे? गुहेत.' मामीने कपाळाला हात लावला. पुढे एकेक बाहेर पडत गेलं. घरात खिडकी कोण उघडतं, सकाळचा चहा कोण करतं, पहिल्या भेटीनंतर लग्न किती दिवसांनी ठरलं, एकाही प्रश्नावर दोघांचं उत्तर जुळलेलं नव्हतं. शिवाय 'तुम्ही बायकोबरोबर सुखी आहात का?' याला मामाने उत्तर दिलं होतं, 'का, ती काही म्हणाली का?'

नकार आला. त्यात मोजक्या शब्दांत म्हटलं होतं, की दोघांच्या उत्तरांत विसंगती असून अर्जदार आणि त्याची पत्नी यांचं वैवाहिक सहजीवन असल्याची खात्री पटत नाही. मी त्याचं मराठी करून वाचून दाखवलं. मामीच्या डोळ्यांत पाणी आलं. मामाने तो कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग हळू आवाजात म्हणाला, 'इतकी वर्षं एकमेकांना सोसलं, ते काय होतं म्हणावं?' अपील करता येत होतं, पण म्हातारी थांबायला तयार नव्हती. मामीला जावंच लागलं. विमानतळावर नेणाऱ्या गाडीत बसताना ती म्हणाली, 'तू यायचंस. ऐकलंस? मला तिकडे भांडायला कोणी नाही रे.' मामाने गाडीचं दार नीट लागलंय का ते दोनदा तपासलं. तेवढंच.

नंतरचे महिने मामाकडे बघवत नव्हतं. तो बोलायचा, हसायचा, नळ तपासायचा. पण काही विचारलं की सरळ उत्तर द्यायला लागला. 'जेवलास का?' 'हो.' 'बरा आहेस ना?' 'आहे.' आई घाबरून गेली. शर्माजी मला एकदा रस्त्यात थांबवून म्हणाले, 'भाईसाहब, आजकल खिड़की खुली ही रहती है. बारिश में भी.' दुसऱ्या दिवशी मी गेलो तर खरंच उघडी होती आणि मामा शेजारी मफलर बांधून बसला होता. मी बंद करायला उठलो, तर म्हणाला, 'राहू दे. हवा येते.'

त्यातच तो तिकडची भाषा शिकायला लागला. त्या भाषेत म्हणे काही अक्षरं घशाच्या तळातून काढावी लागतात. मामा ती कारखान्यात, यंत्र चालू असताना म्हणायचा. कामगारांना पहिले काही दिवस बॉयलरची वाफ कुठून तरी निसटतेय असंच वाटलं. एकाने सवयीने पाना उचलून सगळीकडे शोध घेतला. मामी फोनवर त्याच्याकडून वाक्यं म्हणून घ्यायची. 'माझं नाव अमुक आहे. मी भोपाळला राहतो. माझी पत्नी चित्रकार आहे.' या शेवटच्या वाक्यापाशी तो दर वेळी अडखळायचा. मामी विचारायची, 'कठीण आहे का?' तो म्हणायचा, 'शब्द सोपे आहेत.' पन्नाशी उलटलेल्या या माणसाने पोरासोरांबरोबर बाकावर बसून ती परीक्षा दिली आणि काठावर का होईना, पास झाला. पेढे आणले होते, पण वाटताना तो इतका लाजला की लोकांना वाटलं याचंच लग्न ठरलंय.

अपिलात पुन्हा मुलाखती ठरल्या. मामीची तिकडे, तिच्या गावातल्या कचेरीत, मामाची दिल्लीला. या वेळी समोर एक चष्मेवाल्या, थकल्या चेहऱ्याच्या बाई होत्या. आत काय झालं ते मामाने मला परतीच्या गाडीत सांगितलं, आणि त्याच्या स्वभावाविरुद्ध त्यात एकही वादळ घातलं नाही.

बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, 'तुमची पत्नी तुम्हाला पहिल्यांदा कुठे भेटली?'

मामा म्हणाला, 'ओबेदुल्लागंजच्या बसथांब्यावर. मी तिला चुकीच्या बसमध्ये बसवलं.'

बाईंनी समोरचे कागद चाळले. 'मागच्या वेळी तुम्ही गुहा म्हणाला होता.'

'म्हणालो होतो.'

'मग आता?'

'बसथांबाच होता. ती म्हणते तेच खरं.'

बाईंनी चष्मा काढला. 'तुमच्या पत्नीची मुलाखत गेल्या आठवड्यात झाली. मागच्या वेळी त्या बसथांबा म्हणाल्या होत्या. या वेळी त्या म्हणाल्या की तुम्ही गुहेत भेटलात. त्या रानरेडा काढत होत्या, आणि पाय चुकला होता असंही त्यांनी मान्य केलं.'

मामा खुर्चीत पुढे सरकला. त्याने विचारलं, 'पाय चुकला होता म्हणाली? स्वतःहून?'

'स्वतःहून.'

'मग गुहाच,' मामा म्हणाला.

बाईंनी टेबलावर हात ठेवला. 'हे बघा, माझी थट्टा करू नका. तुम्ही दोघांनी हे आपसात ठरवून केलंय का?'

'मॅडम,' मामा म्हणाला, 'ठरवून केलं असतं तर दोघांनी एकच नसतं का सांगितलं? आम्ही आजवर एकही गोष्ट ठरवून केलेली नाही. तिला वाटलं माझं सांगितलं म्हणजे मला येऊ देतील, मला वाटलं तिचं सांगितलं म्हणजे येऊ देतील. तुम्ही आम्हाला पुन्हा विसंगत धरा. पण आता मला तिकडे जायचंय. तिची आई तिला ओळखत नाही. घरात दोनच माणसं आहेत आणि एकाला दुसऱ्याची ओळख नाही, असं कसं चालेल?'

तो सांगत होता, की बाईंनी समोरचे कागद मिटले. पुढचे प्रश्न त्यांनी विचारलेच नाहीत. खिडकीतून थोडा वेळ बाहेर बघितलं आणि मग विचारलं, 'तिकडे फार थंडी असते. तुम्ही कधी बर्फ पाहिलंय?' मामा म्हणाला, 'बर्फ? इटारसी स्टेशनावर पाहिलंय. मासळीच्या पेटीत.' तेव्हा कुठे त्या हसल्या.

परवाना आला. मी त्या परतीच्या गाडीत मामाला एक प्रश्न विचारला होता तो इथे सांगायला हवा. म्हटलं, 'आता आपण दोघंच आहोत. खरं सांग, गुहा की बसथांबा?' मामाने विचार केला, अगदी मनापासून केला. मग म्हणाला, 'आता नीट आठवत नाही रे. भांडण तेवढं आठवतं.'

कारखाना त्याने कामगारांच्याच हाती सोपवला. निघायच्या दिवशी आईने डबाभर चकल्या केल्या आणि त्याला कुठले स्वेटर कशावर घालायचे ते समजावत राहिली. तिने स्वतः आयुष्यात कधी बर्फ पाहिलेलं नाही. हबीबगंजहून गाडी सुटली तेव्हा मामा दारात उभा होता आणि खालच्या एका गोंधळलेल्या प्रवाशाला ठासून सांगत होता, की तुमचा फलाट पलीकडचा. आई हसत हसत रडली.

गेल्या उन्हाळ्यात मी तिकडे जाऊन आलो. माझ्या व्हिसाच्या अर्जात यजमानाशी नातं काय, असं विचारलं होतं, आणि काका, मामा, आत्याचे यजमान, सगळ्यांना मिळून त्यांच्याकडे एकच शब्द होता. तो लिहिताना मला जरा अपुरं वाटलं. मामीचं गाव लहानसं, टेकडीवरून समुद्राकडे उतरत गेलेलं. मामी खूप थकलेली दिसली. पण मामाशी भांडताना तिचा आवाज तसाच चढत होता, आणि तेही अर्धं मराठीत, अर्धं तिच्या भाषेत, त्यामुळे त्या गल्लीला भांडणाचा फक्त निम्मा भाग कळत असावा. मामाने आल्या आल्या गावातले बरेचसे नळ दुरुस्त करून टाकले होते. लोक त्याला ओळखत होते. मात्र त्याचा परवाना कायमचा नव्हता. दर थोड्या वर्षांनी तो वाढवून घ्यायचा, पुन्हा कचेरीत जायचं, पुन्हा तेच प्रश्न. तो वाढवून मिळेपर्यंत देशाबाहेर जायचं नाही, नाहीतर वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आईच्या एकसष्टीला तो येऊ शकला नाही.

दुपारी तो म्हातारीला हाताला धरून समुद्राजवळच्या एका बाकावर नेऊन बसवतो. एक दिवस मीही बरोबर गेलो. म्हातारी नव्वदीला टेकलेली, चेहरा अगदी लहान मुलीसारखा. ती तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक सांगत होती आणि मामा मराठीत म्हणत होता, 'हो ना, तेच तर. मी काय वेगळं म्हणतोय?' ती समाधानाने मान हलवत होती. मामी माझ्या कानाशी म्हणाली, 'मला आई विचारते, बाई, तुम्ही कुठून आलात? रोज विचारते. पण याला कधी नाही विचारत. याला ती ओळखते.'

'कोण म्हणून ओळखते?' मी विचारलं.

मामानेच उत्तर दिलं. 'खालच्या बंदरावर कोणी होड्या दुरुस्त करणारा होता म्हणे, हिच्या लहानपणी. त्याचा मी मुलगा. इथेच जन्मलो, इथेच वाढलो. हिने मला चड्डीत पळताना पाहिलंय.' आणि मग थोडं थांबून, 'कचेरीतल्या लोकांची अजून पक्की खात्री नाही माझ्याबद्दल. हिला मात्र शंका नाही. मीही मोडता घालत नाही.'

मी हसलो. संध्याकाळी आईला फोन करून ही गंमत सांगितली. मला वाटलं तीही हसेल. ती हसली नाही. मग म्हणाली, 'बरं करतो. म्हातारीला तेवढाच आनंद.' आणि जरा वेळाने, 'पण तू त्याला सांग. तो इथे जन्मला. पिपलानीला, वडिलांना मिळालेल्या क्वार्टरमध्ये, दुपारचा. मी दारातच बसले होते. सुईणीने मला आत बोलावून पहिल्यांदा माझ्याच मांडीवर दिला होता त्याला. तू सांग, मला आठवतंय म्हणावं.'

दुसऱ्या दिवशी बाकावर मी निरोप सांगितला. मामा म्हातारीच्या अंगावरची शाल सारखी करत होता. त्याचा हात तसाच राहिला. समुद्राकडे बघत तो म्हणाला, 'ताई तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांची होती. तिला काय आठवणार!' मग म्हातारीला उठवून, तिच्या पावलाला पाऊल जुळवत तो टेकडी चढायला लागला. मी मागून चालत होतो. पण घर येईपर्यंत त्याने दोन-तीनदा थांबून, मागे वळून मला विचारलं, 'आणखी काय म्हणाली रे ताई?'